हिवाळ्यात इंदूरहून उत्तरेला ट्रक नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की लोहा मंडीत आणि देवास नाक्यावर तेच ते प्रश्न सुरू होतात. थोडे चालकांचे, थोडे गाडीमालकांचे आणि बरेचसे घरच्यांचे. शिवाय चहाच्या टपरीवरचा एक वाद ठरलेला असतो : हे हवामान बदलाचं खरं, की टीव्हीवाल्यांचं खूळ? त्यावरही इथे लिहिलं आहे. गाडीची तयारी आणि तो वाद एकमेकांपासून फार लांब नाहीत, असं मला वाटतं.

आपल्या इंदुरात बर्फ पडत नाही. मग वादळाची तयारी कशाला?

कारण गाडी इंदुरात उभी राहणार नाहीये. देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी करत ग्वाल्हेर. पुढे चंबळ ओलांडून धौलपूर, आग्रा. मग दिल्लीच्या बाहेरून पानिपत, अंबाला, पठाणकोट, जम्मू. माल काश्मीरचा असेल तर रामबन आणि बनिहाल. एकाच खेपेत तीन वेगवेगळे हिवाळे भेटतात : माळव्यातली कोरडी थंडी, ग्वाल्हेरपासून पंजाबपर्यंतचं धुकं आणि जम्मूच्या वरचा बर्फ.

या तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा एकच पाहुणा असतो, पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या बाजूला तयार होणारी ही कमी दाबाची प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येते. डोंगरात बर्फ, पंजाब-हरियाणात पाऊस आणि कधी कधी आपल्याकडे गारपीट. ती पुढे सरकली की उत्तरेचा गार वारा खाली उतरतो आणि इंदूरचा पारा धाडकन पडतो.

यातली एक गोष्ट नव्या चालकांना कोणी सांगत नाही. पाऊस थांबला म्हणजे सुटलो, असं नसतं. जमीन ओली, आकाश मोकळं आणि वारा पडलेला, हे तिन्ही जुळलं की त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री धुकं जमतं. म्हणून आग्रा-मथुरेकडे पाऊस झाल्याचं कळलं, तर पुढच्या दोन पहाटांचा हिशेब आधीच करून ठेवा.

हवामान खातं 'घनदाट धुकं' म्हणतं, म्हणजे नेमकं किती?

दोनशे मीटरच्या पलीकडचं दिसेनासं झालं की दाट, आणि ५० मीटरच्या पलीकडचंही दिसेना की अतिदाट. पिवळा, नारिंगी, लाल हे इशारे तुम्ही मोबाइलवर पाहताच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे पाऊल उचला. आमच्याकडे बरेच जण लाल दिसल्याशिवाय हलत नाहीत. धुक्याच्या बाबतीत नारिंगीलाच धाब्यावर थांबलेलं बरं.

अतिदाट धुक्यात साठच्या वेगाने गेलं तर काय होतं? रस्ता तर रिकामा असतो.

रिकामा दिसतो. हिशेब करून बघू. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच संपले. पुढे भरलेली गाडी कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असतील तर, आणखी २८-३० मीटर घेते. झाले ५५. दिसतंय ५० पर्यंतचं. म्हणजे जे दिसलं त्याला धडकूनच गाडी थांबणार. चालक कितीही तरबेज असो.

तीसच्या वेगाला हेच अंतर वीसेक मीटरवर येतं. ब्रेक नवे करून घेण्यापेक्षा वेग निम्मा करणं कितीतरी जास्त कामाचं आहे, कारण वेग निम्मा झाला की ब्रेकचं अंतर चौथाईवर येतं. यमुना एक्सप्रेसवेवर अलीकडच्या वर्षांत १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी या काळात अवजड गाड्यांची मर्यादा ८० वरून ६० वर आणतात, ती याचसाठी. पण साठ ही वरची मर्यादा आहे. धुकं अतिदाट असेल तर साठही फार झाले.

धुक्यात दिवे कोणते लावायचे?

डिपर खाली. वरचा झोत धुक्यावर आदळून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. फॉग लाइट बंपरच्या खालच्या बाजूला असावेत. केबिनच्या टपावर लावलेले शोभेचे दिवे धुक्यात उलट त्रास देतात. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची सवय बऱ्याच जणांना आहे. तसं केलं की तुम्ही लेन कधी बदलताय हे मागच्याला कळत नाही. ते उभ्या गाडीसाठी किंवा अगदी रांगत चाललेल्या गाडीसाठी ठेवा.

काच आतून धुरकटते तेव्हा फडक्याने पुसत बसू नका. ब्लोअर काचेवर सोडा आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. उघड्या खिडकीतून आवाजही येतो. धुक्यात बाजूची गाडी आधी ऐकू येते, मग दिसते.

थांबायचंच झालं तर कुठे?

रस्त्यावर नाही. लेनमध्ये नाही आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवर अर्धी आत अर्धी बाहेर तर मुळीच नाही. हिवाळ्यातले सर्वांत भयंकर अपघात चालत्या ट्रकचे नसतात, उभ्या ट्रकचे असतात. मागून येणाऱ्या कारला उभा ट्रक दिसतो तेव्हा कार त्याच्या खाली गेलेली असते. धाबा, पंप, टोलनाक्याची जागा, ट्रक ले-बाय (महामार्गाकडेची ट्रक उभे करायची जागा), जे आधी मिळेल तिथे आत घ्या. पुढच्या धाब्यावर चहा बरा मिळतो म्हणून आणखी दहा किलोमीटर ताणू नका.

गाडी बंदच पडली तर त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवू नका, चांगला लांब मागे ठेवा, आणि क्लीनरने रस्त्यात उभं राहून हात हलवायचा नाही. माणसं कठड्याच्या पलीकडे. राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर १०३३, पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ११२. रिफ्लेक्टर पट्ट्या समोर पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. ओल्या फडक्याने त्या रोज संध्याकाळी पुसल्या तरच त्यांचा उपयोग. शिवपुरीपर्यंत त्यांच्यावर धुळीचा असा थर बसतो की पट्टी आहे की नाही हेच कळत नाही. आणि मागचा लोखंडी गार्ड वाकलेला असेल तर तो इंदुरातच सरळ करून घ्या.

निघण्याआधी गाडीत काय काय बघायचं?

सगळं बघा, हे उत्तर कोणाच्याच कामाचं नाही. थंडीत काय बिघडतं तेवढंच सांगतो.

पहिला नंबर ब्रेकच्या हवेच्या टाकीचा. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफही टाकीत जाते आणि तिचं पाणी होतं. माळव्यात ते पाणी नुसतं पडून राहतं. बनिहालला पारा शून्याखाली गेला की ते व्हॉल्वमध्ये आणि नळ्यांत गोठतं, आणि ब्रेक एक तर लागत नाहीत किंवा लागले की सुटत नाहीत. टाकीखालची कडी ओढून बघा. आधी फुस्स आवाज होतो, मग तेलकट, करडं पाणी पिचकारीसारखं जमिनीवर येतं. नुसती कोरडी हवा येईपर्यंत कडी सोडू नका. गाडीला एकाहून जास्त टाक्या आहेत. बहुतेक जण हाताशी येणारी एकच रिकामी करतात. पाणी रोज आणि भरपूर येत असेल तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज संपलं आहे. ते बदलायला घाबरू नका, ब्रेकपेक्षा ते स्वस्त आहे.

दुसरी बॅटरी. शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन ऑइल सेल्फकडून (स्टार्टरकडून) जास्त जोर मागतं. इंदुरात पहाटे सेल्फ दोनदा मारावा लागत असेल, तर जम्मूच्या वर तो अजिबात लागणार नाही.

टायरची हवा इथे दुपारच्या उन्हात भरून घेतली आणि गाडी तीस अंश थंड जागी गेली, तर ११० वरून दहा-बारा पीएसआय आपोआप कमी होते. पंक्चर नाही, काही नाही, तरी हवा कमी. पंजाबात सकाळी, टायर थंड असताना, पुन्हा मोजा. कुलंटमध्ये नुसतं पाणी चालणार नाही. पाणी आणि कुलंट निम्मं निम्मं असेल तर उणे पस्तीसपर्यंत चिंता नाही. वाटेत धाब्याच्या नळाचं पाणी टाकत टाकत गेलात तर ते मिश्रण राहतच नाही.

वायपरचं रबर, काच धुण्याचं पाणी, हीटर चालतो की नाही, ही छोटी कामं. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. पण आपल्याकडे धावणाऱ्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत आणि त्यांच्या दारांतून वारा शीळ घालत येतो. दाराचं रबर बदलायला मालक नाही म्हणत असेल तर त्याला एकदा ग्वाल्हेरपर्यंत सोबत घेऊन जा.

डिझेल गोठतं का?

डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. गारठ्यात त्याचे कण होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. इंजिन आधी ओढ सोडतं, मग बंद होतं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पंपावर येणारं डिझेल एकच नसतं, हिवाळ्यातलं जास्त थंडी सोसतं. ग्वाल्हेर-दिल्लीच्या तीन-चार अंशांत त्याला काही होत नाही. पण कारगिल, द्रासच्या उणे वीसला ते टिकत नाही. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतलं.

म्हणून स्वस्त मिळालं म्हणून इंदुरात किंवा राजस्थानात दोन्ही टाक्या काठोकाठ भरून डोंगरात जाऊ नका. टाकी जरा रिकामी ठेवून जा, वर जे मिळतं ते भरा. रॉकेल मिसळायचा जुना उपाय बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या) गाडीच्या इंजेक्टरचा सत्यानाश करतो, आणि ती भेसळ आहे हे वेगळंच. टाकीखाली चिंध्या पेटवणाऱ्यांबद्दल काही लिहायची गरज नाही. ते करणारे असतात मात्र.

आणि युरिया, म्हणजे धूर स्वच्छ करायला बीएस-६ गाडीच्या वेगळ्या टाकीत भरतात तो द्रव?

तो उणे ११ ला गोठतो. घाबरू नका, गाडी सुरू झाली की टाकीतला हीटर त्याला वितळवतो, तोवर इंजिन चालतं. गोठताना तो फुगतो म्हणून टाकी अगदी तोंडापर्यंत भरू नये. त्यात गरम पाणी ओतू नये.

बर्फावर चेन लावायची की सावकाश गेलं तरी चालतं?

प्रशासनाने चेन लावा म्हटलं की लावायची, वाद नाही. मागच्या ओढणाऱ्या चाकांना, आणि लावून झाल्यावर थोडं पुढे जाऊन पुन्हा घट्ट करायची. चेन लावायचा सराव इंदुरातल्या गोदामात, उजेडात, हातमोजे घालून करा. बनिहालच्या उतारावर रात्री पहिल्यांदा ती पिशवीतून काढणाऱ्याची काय दैना होते ते विचारू नका. कोरडा रस्ता आला की चेन लगेच काढा.

बर्फ दिसतो तोवर माणूस सावध असतो. घात करतो तो न दिसणारा. पुलांवर, सावलीतल्या वळणांवर, बोगद्याच्या तोंडाशी काचेसारखा पातळ थर बसतो आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पुढच्या गाडीच्या टायरचं पाणी उडायचं थांबलं आणि रस्ता तरी चमकतोच आहे, तर तो बर्फ आहे असं समजा. त्यावर तीसच्या वेगालाही थांबायला पन्नासेक मीटर लागतात. ब्रेक हलके, स्टेअरिंग हलकं, गिअर आधीच खालचा. रिकाम्या गाडीत एक्झॉस्ट ब्रेकसुद्धा जपून, कारण तो फक्त मागच्या चाकांना धरतो आणि मागची बाजू सरकते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी ही खेप घेऊच नये.

रात्री उभं करताना ओले ब्रेक हँडब्रेकने आवळून ठेवले तर पट्टे ड्रमला चिकटून गोठतात. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

केबिनमध्ये शेगडी ठेवली तर चालते का? खिडकी थोडी उघडी ठेवतो आम्ही.

नाही. कोळशाची शेगडी, छोटा सिलेंडर, कसलीही आग बंद केबिनमध्ये नको. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि थकलेल्या चालकाला झोप येणं यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. दरवर्षी जानेवारीत उत्तरेतल्या पेपरांत अशी बातमी असते : सकाळी दार ठोठावलं, उघडलं नाही. खिडकीची फट किती पुरेशी, हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नका.

रजई, दोन थरांचे कपडे, कानटोपी, कोरडे मोजे. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर एक्झॉस्ट बर्फात बुजलेला नाही हे बघा, नाहीतर तोच वायू खालून आत येतो. शिवाय उभ्या इंजिनला तासाला एक-दोन लिटर डिझेल सहज लागतं.

एखादा पेग घेतला तर ऊब येते ना?

वाटते. दारूने कातडीजवळचं रक्त वाढतं, तिथून शरीराची ऊब बाहेर जाते, आणि माणूस आतून गार होत जातो. चहा प्या. बोटं बधिर, पांढरी पडली तर चोळू नका, बर्फ तर अजिबात लावू नका. अंगाला सोसेल अशा कोमट पाण्यात धरा.

बुऱ्हाणपूरची केळी घेऊन चाललोय. थंडीचा मालाला काय फरक?

मोठा. तेरा अंशांच्या खाली केळ्याला थंडी बाधते. साल करडी, काळपट पडते आणि पुढे ते नीट पिकत नाही. म्हणजे बर्फाची वाट बघायचीही गरज नाही. ग्वाल्हेरची एक रात्र पुरते. रावेर-बुऱ्हाणपूरकडचे जुने लोक खाली-वर पेंढा आणि केळीची पानं घालतात, त्यावर ताडपत्री दुहेरी आणि समोरच्या बाजूने, जिथून वारा घुसतो तिथे, घट्ट. बटाटा, कांद्याला तेरा अंशांत काही होत नाही, पण शून्याखाली बटाटा गोठला की वितळल्यावर त्याचं पाणी होतं. नाशिकची द्राक्षं एसी गाडीतून जात असतील तर त्यांची चिंता नाही.

जग तापतंय म्हणतात आणि इथे हात गारठलेत. कोणाचं खरं मानायचं?

टपरीवरचा लाडका प्रश्न. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये जिम इनहॉफ हे खासदार बर्फाचा गोळा घेऊन आले होते, बाहेर एवढी थंडी आहे हे दाखवायला. आमच्याकडचे उस्ताद, म्हणजे जुने मुरलेले चालक, गोळा आणत नाहीत, हात पुढे करतात. मुद्दा तोच.

दोन्ही खरं आहे. आज पहाटे ग्वाल्हेरला काय झालं ते हवामान. तीस वर्षांच्या सगळ्या पहाटा एकत्र धरून जे दिसतं, ते हवामानाचं वळण, आणि बदलतंय ते हे वळण. २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासून जगातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं; भारतातही १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण. त्याच वर्षीच्या जानेवारीत उत्तरेत दिवसेंदिवस सूर्य दिसला नव्हता, हेही खरं. थंडी संपलेली नाही, संपणारही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाच्या वादळाने वीज गेली, माणसं घरात गारठून मेली. तो प्रांत आपल्या माळव्यासारखाच, अशा थंडीची सवय नसलेला.

पण हे निसर्गाचं चक्र असेल. पूर्वीही थंडी-उन्हाळे कमी-जास्त व्हायचे.

व्हायचे. हा आक्षेप मूर्खपणाचा नाही, आणि असं विचारणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. पण सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. मोजणी असं सांगते की खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. खाली ऊब कोंडली गेली तरच असं होतं. सूर्याची ऊर्जा उपग्रहांवरून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोजतात; तिच्यात या तापण्याला पुरेल अशी वाढ नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत २८० होता, तो ४२० च्या वर गेला आहे. हवाई बेटावरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून त्याची सलग नोंद आहे.

श्रीनगरहून लडाखला जाणारा झोजिला घाट आता लवकर उघडतो. म्हणजे बर्फ कमी झाला हे सिद्धच झालं, नाही का?

नाही. इथे हवामान बदल मानणारे घाई करतात. साडेतीन हजार मीटरवरचा हा घाट पूर्वी पाच-सहा महिने बंद असायचा. २०२३ मध्ये तो ६८ दिवस बंद राहिला, २०२४ मध्ये ३५, २०२५ मध्ये ३२. पण यात सीमा सडक संघटनेच्या बर्फ कापणाऱ्या यंत्रांचा, मनुष्यबळाचा आणि रस्ता लवकर उघडण्याच्या लष्करी गरजेचा वाटा फार मोठा आहे. उघडलेला रस्ता म्हणजे थर्मामीटर नव्हे.

धुक्याचंही तसंच. गंगेच्या खोऱ्यात धुकं इतकं घट्ट होतं याला कालव्यांचं पाणी, ओली शेतं, पडलेला वारा आणि हवेतला धूर हे मुख्य कारण. धुराच्या आणि धुळीच्या बारीक कणांवर पाण्याचे थेंब बसतात. म्हणजे ग्वाल्हेर-आग्र्याचं धुकं हे बऱ्याच अंशी पाण्याचं आणि प्रदूषणाचं दुखणं आहे. सगळं एकाच खात्यावर लिहिलं की समोरचा उस्ताद बरोबर बोट ठेवतो आणि मग पुढचं खरंही ऐकत नाही.

मग आम्हा ट्रकवाल्यांना या बदलाने फरक काय पडला?

डोक्यातलं कॅलेंडर चुकायला लागलं. खरं सांगायचं तर या सगळ्या पानावर मला एवढंच सांगायचं होतं.

आमच्याकडे पंचवीस-तीस वर्षं स्टेअरिंगवर काढलेले लोक आहेत आणि त्यांचं ज्ञान तारखांत बांधलेलं आहे. संक्रांत झाली की धुकं उतरतं. डिसेंबरच्या शेवटी बनिहालला एक बर्फ होतो, तो चुकवायचा. होळीपर्यंत गारांची भीती नाही. या ठोकताळ्यांवर धंदा चालला, माणसं सुखरूप आली. आता बघा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडं होतं, आणि फेब्रुवारीत बर्फ कोसळला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बनिहाल-काझीगुंडला इतका बर्फ झाला की गाड्या जागच्या जागी अडकल्या. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी, ऐन सुगीत, गुजरात आणि आपल्या पश्चिम मध्य प्रदेशात विजा आणि अवकाळी पाऊस. गुजरातेत वीज पडून वीसहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी २०२३ दिवसाच्या तापमानात देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. एक अंश तापमान वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतं तेव्हा धो धो पडतं. या प्रत्येक घटनेमागे हवामान बदलच आहे असं मी म्हणत नाही. पण तारखांवर विसंबून निघायचे दिवस गेले, हे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्यांना एकत्र बसवून हे विचारून बघितलं तर.

म्हणून खेप ठरवताना उस्तादाला जरूर विचारा, पण घाट कसा आहे, कुठे थांबावं, कुठला उतार फसवा, हे विचारा. कधी निघावं हे हवामान खात्याच्या त्या दिवसाच्या अंदाजाला विचारा. 'मौसम' ॲप आहे. विजांसाठी पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' आहे. जम्मू ते श्रीनगर रस्त्यासाठी तिथल्या वाहतूक पोलिसांची रोजची सूचना बघितल्याशिवाय उधमपूर सोडू नका. जड गाड्यांना अनेकदा एकाच बाजूने सोडतात, आज इकडून, उद्या तिकडून.

प्रदूषणाचं खापर ट्रकवरच का फोडतात? मोठे लोक विमानाने फिरतात.

राग रास्त आहे. दिल्लीत ग्रॅपचा, म्हणजे हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या निर्बंधांचा, चौथा टप्पा लागला की अत्यावश्यक माल आणि सीएनजी, एलएनजी, इलेक्ट्रिक, बीएस-६ गाड्या सोडून बाकी ट्रक बाहेर अडवतात. तेव्हा जुन्या गाडीवाल्याचा दिवस बुडतो, आणि ती गाडी बदलायला त्याच्याकडे पैसे नसतात. त्याच गाडीतून आलेली भाजी मात्र सगळ्यांना हवी असते.

पण हिशेब लपवूनही चालणार नाही. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला चार किलोमीटरचा ॲव्हरेज देणारी गाडी शंभर किलोमीटरला ६५-७० किलो सोडते. यातलं चालकाच्या हातात थोडं आहे : टायरची हवा, उभ्या इंजिनचे तास, उगाच मारलेली रेस. मालकाच्या हातात त्याहून जास्त आहे, आणि रिकामी परत येणारी गाडी कोणाच्या हातात आहे ते माल बुक करणाऱ्यांनी सांगावं. इलेक्ट्रिक ट्रकला केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून जुलै २०२५ पासून ९ लाख ६० हजारांपर्यंत सवलत आहे. पीथमपूरच्या कारखान्यांच्या छोट्या फेऱ्यांना तो जमेल. इंदूर-श्रीनगरला एवढ्यात नाही. थंडीत बॅटरी कमी पळते, हे तर आहेच.

उशीर झाला तर मालवाला भाडं कापतो. मग थांबायचं कसं?

इथेच सगळं अडतं. चालकाला धुक्याची अक्कल नसते म्हणून तो पहाटे चार वाजता निघत नाही. सकाळी मंडीत पोहोचला नाही तर पैसे कापले जातील म्हणून निघतो. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) आधीच लिहून घ्या : धुकं, बर्फ किंवा प्रशासनाने रस्ता बंद केल्यामुळे झालेल्या उशिराला दंड नाही, आणि इतक्या तासांनंतर हॉल्टिंग (गाडी अडकून राहिल्याचे पैसे) लागेल. तोंडी बोलणं गोदामाच्या दारापर्यंतच टिकतं.

२००७ च्या रस्तावाहतूक कायद्यात दैवी आपत्तीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर येत नाही, पण योग्य काळजी घेऊन ते टाळता आलं असतं तर येते. म्हणून रस्ता बंद असल्याची पोलिसांची सूचना, हवामानाच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट, थांबलेल्या धाब्याची वेळेसकट पावती, तिन्ही जपा. फाटलेल्या ताडपत्रीतून माल भिजला तर त्याला कोणी दैवी आपत्ती म्हणणार नाही.

घरून किती वेळा फोन करावा?

गाडी चालू असताना करू नये. निघतानाच ठरवून घ्या की थांबल्यावर तोच फोन करेल : ग्वाल्हेर, अंबाला, जम्मू. रामबनच्या पुढे रेंज जाते, तेव्हा फोन लागला नाही म्हणून लगेच मालकाला उठवू नका. जम्मूला त्याने रस्ता उघडा असल्याचं सांगितलं होतं का, ते आधी आठवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये बहुधा चालत नाही, त्यामुळे पोस्टपेड एक सोबत द्या आणि तो नंबर घरी भिंतीवर लिहून ठेवा.